झीज नेमकी कुठे? जुन्या गाडीचा वायपर आणि हीटर

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना दोन प्रश्न हमखास पडतात. गाडी एरवी झकास चालते, मग पाऊस आला की वायपर रडतखडत का फिरतात? आणि हीटर सुरू करून बराच वेळ झाला तरी पाय गार आणि काच धुरकट का राहते? दोन्ही प्रश्नांना गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: वायपरला नवी मोटर टाका, हीटरला नवं कोअर टाका. पैसे जातात, मूळचा भाग भंगारात जातो आणि तक्रार बऱ्याचदा तशीच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

असं होण्याचं कारण सोपं आहे. झीज जिथे जाणवते आणि ती जिथे झालेली असते, या दोन जागा पुष्कळदा वेगळ्या असतात. ती खरी जागा शोधायची कशी आणि सापडल्यावर काय करायचं, ते या प्रकरणात पाहू.

१. उदाहरणाला एक गाडी

प्रत्येक गाडीची रचना वेगळी, म्हणून एकच गाडी समोर ठेवू: ब्रिटनची एमजीबी. ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात बनत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे आजही तिचे सुटे भाग मिळतात आणि तिच्या दुरुस्तीची माहितीही भरपूर आहे.

तिची वायपर मोटर लुकास कंपनीची आणि हीटर स्मिथ्स कंपनीचा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हीच जोडी दिसते. सुरुवातीच्या वर्षांत हीटर हवा असेल तर जादा पैसे मोजून बसवून घ्यावा लागे. इंग्लंडच्या थंडीतही हीटर ही चैन मानली जायची, असा तो काळ होता.

२. वायपर फिरतो कसा?

अमेरिकेत मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये काच पुसण्याच्या यंत्रणेचं पेटंट मिळालं. त्यात आतून हाताने दांडा ओढायचा होता. पुढे इंजिनातल्या हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारे वायपर आले. त्यांची एक मोठी अडचण होती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातली ओढ कमी होते, त्यामुळे नेमके गरजेच्या वेळी वायपर मंदावत. विजेच्या मोटरने ही अडचण सोडवली.

एमजीबीत १९६७ पासून दोन वेगांची लुकास मोटर आली. तिचं काम असं चालतं. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, ते एका मोठ्या गिअरला फिरवतात. गिअरवर मध्यापासून बाजूला एक खीळ बसवलेली असते. तिला जोडलेला छोटा दांडा गोल फिरण्याचं रूपांतर मागे-पुढे सरकण्यात करतो. हा दांडा एक लवचिक केबल ओढतो आणि ढकलतो. केबलवर जाड तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, म्हणून तिला रॅक म्हणतात. रॅक धातूच्या नळीतून डॅशबोर्डच्या मागून जाते. वाटेत प्रत्येक वायपरखाली एक छोटी डबी असते, तिला व्हीलबॉक्स म्हणतात. डबीतल्या गिअरचे दाते रॅकच्या वेटोळ्यांत अडकतात. रॅक सरकली की गिअर फिरतो आणि त्याच्या स्पिंडलवर बसवलेला वायपरचा दांडा काचेवर झुलतो.

म्हणजे बॅटरीपासून काचेपर्यंत चार टप्पे झाले: वीज, मोटर, रॅक आणि व्हीलबॉक्स. वायपर मंद असेल तर दोष या चारांपैकी कुठेही असू शकतो.

हा मंदपणा नुसता गैरसोयीचा नाही, धोक्याचाही आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. वायपरच्या मिनिटाला ५० फेऱ्या होत असतील तर एका फेरीला १.२ सेकंद लागतात, म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये गाडी सुमारे २७ मीटर जाते. फेऱ्या ३० वर आल्या तर तेच अंतर ४४ मीटर होतं. मुसळधार पावसात इतकं अंतर अंधुक काचेतून पाहत जाणं कुणालाही परवडणारं नाही.

३. आधी वीज तपासा

मोटर उघडण्याआधी तिच्यापर्यंत पुरेशी वीज पोचते का, ते पाहायचं. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो.

मोटर चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट दिसतात, असं समजू. मोटरच्या दोन टोकांवर मात्र ९.९ व्होल्टच मिळतात. म्हणजे २.५ व्होल्ट वाटेत गळाले. आता वाटेचे तुकडे पाडून मोजायचं: बॅटरी ते फ्यूजबॉक्स ०.४, फ्यूजच्या दोन्ही क्लिपांमध्ये मिळून १.३, तिथून स्विचमार्गे मोटरपर्यंत ०.३ आणि मोटरपासून बॉडीपर्यंतच्या अर्थिंगमध्ये ०.५. बेरीज २.५. निम्म्याहून जास्त गळती एकट्या फ्यूजच्या क्लिपांमध्ये सापडली. क्लिप पॉलिश पेपरने घासायची, हलके दाबून घट्ट करायची, अर्थिंगचा स्क्रू काढून त्याखालचा रंग आणि गंज साफ करायचा, की मोटर नव्याइतकी चपळ होऊ शकते. खर्च जवळजवळ शून्य.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. १९६० च्या दशकातल्या एमजीबीत वायपर आणि हीटरचा पंखा एकाच फ्यूजवरून हिरव्या वायरने वीज घेतात. दोन्ही एकदमच मंद असतील तर दोन्ही मोटरी एकाच वेळी म्हाताऱ्या झाल्या असं मानण्यापेक्षा त्या सामाईक फ्यूजकडे आधी पाहावं.

इथे एक सावधगिरी हवी. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. सतत वाहण्यासाठी त्याची मर्यादा १७ अँपिअर असते. आजच्या पद्धतीचा, सतत ३५ अँपिअर वाहू देणारा फ्यूज तिथे बसवला, तर फ्यूजच्या आधी वायरच तापून जळेल.

४. मग रॅक ओढून पाहा

वीज ठीक असेल तर पुढचा संशयित रॅक. वायपरचे दांडे स्पिंडलवरून काढायचे, मोटरपासून रॅक सोडवायची आणि तिच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून हळू ओढायचं. रॅक सरकवायला ६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २.७ किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, असं एमजीबीचं वर्कशॉप मॅन्युअल सांगतं.

जोर जास्त लागला तर कारण बहुतेक वेळा जुनं ग्रीस असतं. पन्नास वर्षांत त्यातलं तेल उडून जातं आणि मागे मेणासारखा घट्ट थर उरतो. रॅक बाहेर काढायची, केरोसीनमध्ये बुडवून ब्रशने प्रत्येक वेटोळं साफ करायचं, नळीतूनही केरोसीनचा बोळा ओढायचा आणि सगळं कोरडं करून पातळ थरात नवं ग्रीस लावायचं. ग्रीस भरभरून चोपडू नये. जादाचं ग्रीस कोपऱ्यांत साचतं आणि वाट अडवतं.

साफ करूनही रॅक अडत असेल तर नळी कुठे चेपली आहे का, व्हीलबॉक्सचे स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले आहेत का किंवा डबी तिरकी बसली आहे का, ते पाहायचं. स्क्रू थोडे सैल करताच रॅक मोकळी झाली, तर दोष सापडला.

५. दाते एकाच बाजूचे का झिजतात?

आता व्हीलबॉक्स उघडू. नाण्याएवढा गिअर बोटांत धरून उजेडात फिरवला की एक विलक्षण गोष्ट दिसते. एका बाजूचे दाते टोकाला पातळ झालेले, त्यांच्या कडा एकीकडे कललेल्या. गिअर अर्धा फिरवला की समोर येतात ते दाते अगदी कोरे, कारखान्यातून आले तसे.

याचं कारण वायपरच्या चालीतच आहे. वायपर काचेवर पूर्ण गोल फिरत नाही, अर्ध्या वर्तुळाहून कमी कोनात झुलतो. त्यामुळे गिअरचे ठरावीक दातेच आयुष्यभर रॅकशी भिडतात, उरलेल्यांना रॅकचा स्पर्शही होत नाही. जुन्या वाड्याची दगडी पायरी मधोमध खोलगट होते आणि कडांना मात्र टाकीचे घाव जसेच्या तसे राहतात, तोच हा प्रकार.

दुरुस्ती यातच दडलेली आहे. रॅक बाजूला करायची, गिअर १८० अंशांनी फिरवायचा आणि कोऱ्या दात्यांत रॅक पुन्हा अडकवायची. वायपरचा दांडा खाचांच्या स्पिंडलवर बसतो, त्यामुळे तो हवा त्या कोनात परत लावता येतो. वायपर काचेवर सैल डुगडुगणं, टोकाला जाऊन खिडकीच्या पट्टीवर आपटणं या तक्रारी बहुधा इतक्यानेच कमी होतात. नवा भाग न आणता त्याच गिअरचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. स्पिंडल त्याच्या बुशमध्ये आडवा हलत असेल, तर झीज दात्यांची नसून बुशची आहे. तिथे व्हीलबॉक्स बदलावाच लागतो. आणि स्पिंडलभोवतीचं रबर कडक होऊन तडकलं असेल तर पावसाचं पाणी तिथूनच डॅशबोर्डच्या मागे उतरतं. ते रबर नवंच घालावं. रबर जपण्याची वस्तू नाही.

६. मोटर उघडायची वेळ आलीच तर

रॅक सुटी करून मोटर एकटी चालवून पाहा. या दोन वेगांच्या मोटरच्या गिअरची गती कमी वेगावर मिनिटाला ४६ ते ५२ फेरे आणि जास्त वेगावर ६० ते ७० फेरे असायला हवी. वीज अनुक्रमे सुमारे १.५ आणि २ अँपिअर लागते. फेरे कमी आणि वीज जास्त, तर मोटरमध्ये घर्षण आहे. फेरे कमी आणि वीजही कमी, तर ब्रशचा संपर्क नीट होत नाही.

ब्रश म्हणजे कार्बनचे छोटे तुकडे. मोटरचा फिरणारा भाग आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं वेढं असतं, त्याला कम्युटेटर म्हणतात. ब्रश कम्युटेटरवर घासत आर्मेचरला वीज देतात. यात कार्बन झिजावा आणि तांबं टिकावं, अशीच योजना आहे. मुख्य ब्रश ४.८ मिलिमीटरपर्यंत आखूड झाले की बदलायचे. तिसरा, अरुंद टोकाचा ब्रश जास्त वेगासाठी असतो. त्यातून वीज दिली की आर्मेचरच्या कमी वेढ्यांतून प्रवाह जातो आणि मोटर जलद फिरते. कमी वेग चालतो पण जास्त वेग मिळत नाही, अशी तक्रार असेल तर आधी या तिसऱ्या ब्रशकडे पाहा.

कम्युटेटर काळा पडला असेल तर पेट्रोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावा. तेवढ्याने भागलं नाही तर बारीक काचपेपर वापरावा. एमरी पेपर टाळावा, कारण त्याची कठीण पूड पट्ट्यांमधल्या फटीत रुतून बसते. नंतर फटींतली कार्बनची भुकटी टोकदार काडीने काढायची. निरोगी कम्युटेटर चकचकीत असायलाच हवा असं नाही. त्यावर एकसारखी तपकिरी छटा असेल तर तो उत्तम चालला आहे असं समजावं.

मोटरच्या बाहेरच्या कवचात कायमचं चुंबक असतं. उघडण्याआधी कवच आणि गिअरच्या पेटीवर मिळून एक रेघ मारून ठेवावी. कवच उलटं बसवलं तर चुंबकाचे ध्रुव उलटतात आणि मोटर उलटी फिरते. कवच लोखंडाच्या किसापासूनही दूर ठेवावं. चुंबकाला चिकटलेला कीस सहजासहजी निघत नाही.

७. हीटरची उष्णता येते कुठून?

वायपरमध्ये आपण गतीची वाट धरली. हीटरमध्ये दोन वाटा आहेत, पाण्याची आणि हवेची.

इंजिन थंड ठेवणारं पाणी इंजिनातून तापून निघतं. त्यातलं थोडं पाणी हीटरच्या कोअरमध्ये जातं. कोअर म्हणजे पितळी नळ्या आणि तांब्याच्या पातळ पात्यांचा छोटा रेडिएटर. पंखा काचेसमोरच्या जाळीतून बाहेरची हवा ओढून कोअरमधून ढकलतो. गरम झालेली हवा झडपांमधून पायांकडे किंवा काचेकडे जाते. थोडक्यात, हीटर इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतो.

गरम हवा काच स्वच्छ करते ती दोन कारणांनी. काच तापली की श्वासातल्या वाफेचं तिच्यावर पाणी होत नाही, आणि गरम हवा जास्त बाष्प सामावून घेऊ शकते. म्हणून एसी नसलेल्या जुन्या गाडीत, लोणावळ्याच्या घाटातल्या पावसातही हीटर कामाची वस्तू आहे.

८. पाण्याची वाट: हाताने घ्यायची परीक्षा

इंजिन पूर्ण तापू द्या, हीटर पूर्ण उघडा आणि जाड फडक्यातून होज पाइपांना हात लावून पाहा. पंख्यापासून हात आणि बाही दूर ठेवा आणि रेडिएटरची कॅप गरम असताना मुळीच उघडू नका.

एमजीबीत हीटरचा व्हॉल्व्ह इंजिनाच्या हेडवर मागच्या बाजूला असतो. तिथून होज कोअरकडे जातो आणि परतीचं पाणी धातूच्या नळीतून रेडिएटरच्या खालच्या होजकडे येतं. निदान असं करायचं:

व्हॉल्व्हनंतरचा होज गार असेल तर दोष व्हॉल्व्हचा. त्याची केबल खरंच पूर्ण सरकते का, ते आधी बघा. पुष्कळदा नॉब फिरतो, पण केबल क्लॅम्पमधून निसटलेली असते.

तो होज गरम, पण परतीची नळी गार असेल तर कोअर तुंबलेलं आहे किंवा त्यात हवा अडकली आहे.

दोन्ही गरम असून हवा गार येत असेल तर कोअरला हात लावू नका. दोष हवेच्या वाटेत आहे.

दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, उघडीच अडकली आहे. एमजीबीचा नेहमीचा थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसचा, थंड प्रदेशासाठी ८८ अंशांचा आणि उष्ण प्रदेशासाठी ७४ अंशांचा. उष्ण प्रदेशातला थर्मोस्टॅट असलेल्या गाडीचा हीटर इंग्लंडच्या हिवाळ्यात थोडा कमी पडणारच.

तुंबलेलं कोअर नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावं. आधी तपकिरी गाळ येतो. पाणी नितळ होईपर्यंत धुवत राहायचं. गळणारं कोअरही लगेच टाकून देऊ नये. तांबं-पितळेला कथिलाचा डाग देता येतो आणि रेडिएटरची कामं करणारे जुने कारागीर हे काम चोख करतात. दाबाने हवा भरून कोअर पाण्याच्या टबात बुडवलं की बुडबुडे नेमकं छिद्र दाखवतात. हवेचा दाब गाडीच्या रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या दाबाच्या आसपासच ठेवावा.

पायाखालचा गालिचा ओला दिसला की लोक कोअरला दोष देतात. एमजीबीत जाळीखालच्या पोकळीतलं पावसाचं पाणी एका रबरी नळीतून खाली जातं. ती पाला-मातीने तुंबली की पाणी गाडीत शिरतं. गालिच्यातलं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं आणि त्याला गोडसर वास आला तर ते इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट आहे. स्वच्छ असेल तर पावसाचं. कूलंटमधला एथिलीन ग्लायकॉल विषारी असतो. त्याची चव कधीही घेऊ नये आणि सांडलेलं कूलंट मुलं व कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवून लगेच पुसावं.

९. हवेची वाट: फोमची किंमत

हीटरची पेटी उघडली की कोअरच्या कडेने फोमची पट्टी असायला हवी. जुन्या गाडीत ती बोट लावताच काळी भुकटी होऊन गळते. दिसायला क्षुल्लक असलेल्या या पट्टीचं काम मोठं आहे. ती नसेल तर हवा कोअरमधून न जाता बाजूच्या फटीतून निसटते.

हिशेब करून पाहू. बाहेरची हवा ५ अंशांची आणि कोअरमधून निघालेली ४५ अंशांची आहे असं धरा. निम्मी हवा कोअरमधून आणि निम्मी फटीतून गेली, तर दोन्ही मिसळून गाडीत येणारी हवा होईल ५ आणि ४५ ची सरासरी, म्हणजे २५ अंश. कोअर उत्तम, पाणी गरम, पंखा जोरात, आणि तरी हवा कोमट. इथे नवं कोअर बसवूनही फार फरक पडणार नाही. फोमची नवी पट्टी मात्र पूर्ण फरक पाडेल.

बंद पेशींचा, पाणी न शोषणारा फोम घ्यावा. कोअरच्या चारही कडा, झडपांची तोंडं आणि पेटी जिथे बॉडीला टेकते ती जागा, सगळीकडे तो लावावा. पेटी बाहेर काढणं हे एमजीबीतलं कटकटीचं काम आहे. म्हणून ती एकदा बाहेर काढली की फोम, होज, पंख्याच्या मोटरची साफसफाई, पेटीचा गंज काढून रंग देणं, ही सगळी कामं त्याच फेरीत उरकावीत.

१०. काय जपायचं, काय बदलायचं

ढोबळ नियम असा: रबर, फोम, होज आणि कार्बन झिजण्यासाठीच असतात, ते निःशंक बदला. पितळ, तांबं, पोलाद आणि ओतीव कवच दुरुस्त होतात, ते जपा. या भागांवर कारखान्याचे शिक्के आणि निर्मितीच्या तारखा असतात. तो गाडीचा इतिहास आहे आणि भंगारात गेला की परत मिळत नाही.

हे जपणं आता कायद्यालाही धरून आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि गाडी मूळ स्वरूपात असणं ही त्यातली अट आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते. म्हणजे वायपर वेळेवर काच पुसतो की नाही, हे तिथे आता मालकालाच तपासायचं आहे.

कोणताही भाग बदलण्याआधी तो झिजल्याचा पुरावा हातात हवा: व्होल्टचा आकडा, वजनकाट्यावरचे किलो, गिअरचा पातळ झालेला दाता, गार पडलेला होज. पुरावा असेल तर बदला, नसेल तर वाटेने एक पायरी मागे जा आणि पुन्हा मोजा. ही सवय लागली की काच वर-खाली करणारं यंत्र असो की डायनॅमो, जुन्या गाडीतली दुसरी कोणतीही यंत्रणा याच रीतीने दुरुस्त करता येते.